एक वाजताचं ‘जेवली ना’

मानसशास्त्रज्ञाकडे जाताना उपाशी पोटी जायचं असतं की जेवून, हा प्रश्न आमच्या भंडारा जिल्ह्यात बहुधा एकाच बाईने विचारला असेल. ती बाई मी. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, आंबागडच्या अलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सेवापुस्तकात लिहिलेल्या आहेत.

फोनवरचा आवाज तरुण होता. तो जरासा थांबला आणि म्हणाला, “जेवून या, मॅडम.” मी डायरीत लिहिलं: शनिवार, तीन वाजता, जेवून. खाली रेघ मारली. रेघ मारल्याशिवाय त्या काळी मला काहीच खरं वाटत नसे.

तसा प्रश्न अगदीच वेडा नव्हता. त्या वर्षी माझ्या जेवढ्या तपासण्या झाल्या, सगळ्या उपाशी पोटी. रक्त उपाशी पोटी, सोनोग्राफी उपाशी पोटी, नागपूरला घशात दुर्बीण घातली तीही उपाशी पोटी. मनाची तपासणी तेवढी भरल्या पोटी होते, हे मला कोण सांगणार? अडचण एवढीच होती, की जेवणं हेच तर होत नव्हतं.

माझ्या घशातून भात उतरत नव्हता. पोळी उतरायची, चहा उतरायचा, शिरा उतरायचा. भाताचा घास घेतला की गळ्यात जिथे ठुशी बसते तिथे तो येऊन थांबायचा, जसा काही पुढे फाटक बंद आहे. आणि हे कुठे? तुमसरला. जिथे वाऱ्याची दिशा बदलली की अंगणात कोंडा येऊन पडतो, जिथे माझा नवरा राईस मिलमध्ये धान खरेदीचा मुनीम. दिवसभर तो लोखंडी परखी पोत्यात खुपसून मूठभर धान बाहेर काढायचा, तळहातावर चोळायचा, फुंकर मारायचा आणि पोतं न उघडता अख्ख्या गाडीचा माल कसा ते सांगायचा. त्याची बायको दोन्ही वेळा पोळी खात होती. शेजारणी म्हणायच्या, “मास्तरीणबाई आता गव्हावर आल्या बाप्पा, मोठ्या लोकांसारख्या.” दहा महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं. ब्लाउज तीनदा आत घेतले.

डॉक्टर एकामागून एक एकच वाक्य सांगायचे: घशात काही नाही. मी म्हणायची, काहीतरी आहे. ते फोटो दाखवायचे. शेवटी आमच्या तुमसरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर भंडाऱ्याचा एक पत्ता लिहिला आणि वर न बघता म्हणाले, “यांच्याशी एकदा बोलून घ्या.”

घरी आल्यावर नवऱ्याने चिठ्ठी चष्म्याखाली धरली.

“मेंदूचा डॉक्टर हाय काय हा?”

“बाई आहेत. डॉक्टर नाहीत. बोलायचं असतं त्यांच्याशी.”

“बोलाले भंडाऱ्याले काहून जाते? माह्यासंग बोल ना.”

पोळपाट घेतला आणि पोळ्या लाटायला बसले.

माझ्या घशाचा आणि नवऱ्याशी बोलण्याचा काय संबंध होता तो आत्ताच सांगून टाकते. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायची मला हौस नाही, आणि या वयात तेवढा भरवसाही नाही.

आदल्या वर्षी, धान कापून झालं आणि मिलचा हंगाम लागला तेव्हा, माझ्या सासूबाई गेल्या. पडून मांडीचं हाड मोडलं होतं, आठ महिने खाटेवर होत्या. शरीर गेलं होतं, जीभ शाबूत होती. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा माझ्या गोंदियाच्या नणंदेबद्दल त्या म्हणाल्या होत्या, “पोरगी माही जागची हलली नाही न् परजिल्ह्यात गेली.” अशी बाई. शाळेच्या दिवशी दुपारचं शेजारीण बघायची, सुट्टीला दोन्ही वेळा मी भरवायची. मी घरी असले की नवरा मिलमधून दुपारी एक वाजता फोन करायचा आणि एकच विचारायचा: “आई जेवली काय?” मी म्हणायची, “जेवली ना.”

आमच्याकडे हा प्रश्न नमस्कारासारखा आहे. रस्त्यात भेटलं, फोन लागला, दारात कोणी आलं की “जेवली काय?” आणि उत्तर ठरलेलं: “जेवली ना.” उपाशी असलं तरी तेच. विचारणाऱ्याला तुमच्या पोटात काय आहे ते जाणून घ्यायचं नसतं, आणि सांगणाऱ्याला ते सांगायचं नसतं. दोघांचं काम होतं.

तो रविवार होता. मी मऊ भात, वरण, वर तुपाचा गोळा असं ताट घेऊन बसले. सासूबाईंनी तोंड मिटलं.

“दोन घास घ्या ना.”

“मले नको.”

“असं कसं चालेल? औषध आहे नंतर.”

“नको म्हटलं ना वो!” आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला घाई होती. दोन घरं सोडून एका बाईकडे नागपूरहून साड्या आल्या होत्या आणि चांगले रंग आधी जातात. मी ताटावर झाकण ठेवलं, ताट स्टुलावर ठेवलं, एक वाजला, फोन वाजला.

“आई जेवली काय?”

“जेवली ना.”

पाऊण तास साड्या बघितल्या. घेतली एकही नाही. परत आले तर सासूबाई तशाच भिंतीकडे तोंड करून होत्या, आणि गेलेल्या होत्या.

मी नवऱ्याला फोन केला. मिलमधून घरी यायला त्याला दहा मिनिटं लागायची. त्या दहा मिनिटांत माझ्यासारख्या शिकलेल्या, आदर्श पाठ घेणाऱ्या, फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या बाईने काय केलं असेल? ती ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. टोपलीत टाकलं तर दिसेल. मोरीत टाकलं तर भात अडकेल. गायीला घालायला रस्त्यावर गेलं तर शेजारीण बघेल. तिने ते उभ्याने खाल्लं. गार भात, गोठलेलं तूप, पाच-सहा घासांत. ताट घासलं, पालथं घातलं, पदराने हात पुसले आणि मग रडायला सुरुवात केली. आधी ताट, मग रडणं. आजही त्या बाईचा हा क्रम आठवला की मला तिची कीव येत नाही. हसू येतं, आणि ते हसू चांगलं नसतं.

नवरा आला, आईच्या पायाशी बसला, वर बघून म्हणाला, “जेवून गेली ना माय?”

“हो.”

पुढचे तेरा दिवस येणाऱ्या प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं. आई उपाशी नाही गेली. एक वाजता मी स्वतः फोनवर विचारलं. त्याला त्याचा फार आधार होता. हे सांगताना त्याचा आवाज सरळ व्हायचा. नणंद गोंदियाहून आली, तिने ते उचललं. पहिल्या दिवशी सासूबाई दोन घास खाऊन गेल्या होत्या. पाचव्या दिवशी वाटीभर भात झाला. दहाव्या दिवशी सोबत लाखोळीची भाजी आली. तेरवीला तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने लोणचं मागितलं होतं. मी पदर तोंडाशी धरून रोज नवा स्वयंपाक ऐकत होते. तेरवीच्या पंगतीत पहिला घास घेतला तो घशात येऊन थांबला.

आता गंमत बघा. ही बाई वर्षाला चाळीस पोरांना ‘जोड्या लावा’ शिकवायची. ‘अ’ गटात झाकलेलं ताट, ‘ब’ गटात अडकलेला घास. तिला दहा महिने रेघ जोडता आली नाही. दोन्ही गोष्टी तिला माहीत होत्या. ती म्हणायची, थायरॉईड असेल.

त्या शनिवारी सकाळची शाळा करून मी तुमसरला बस पकडली. कडक इस्त्रीची साडी, पर्स, आणि दहा महिन्यांच्या रिपोर्टची फाइल, तारखेप्रमाणे लावलेली, वर अनुक्रमणिका. मोहाडी गेलं, वरठी गेलं, आणि मी मनातल्या मनात तिथलं चित्र रंगवत होते. हिंदी सिनेमात बघितलं होतं: एक लांब खुर्ची असते, तिच्यावर झोपवतात, डोळ्यांसमोर घड्याळ हलवतात, आणि बाई सगळं बोलून टाकते. मी ठरवलं होतं की डोळे मिटायचे नाहीत. साडी चुरगळते असं सांगून झोपायलाही नकार द्यायचा.

औषधाच्या दुकानावर जिना, वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक अर्ज भरायला दिला. नाव, वय, झोप, भूक, मनःस्थिती. अर्जाच्या मथळ्यावर ‘मानसीक आरोग्य’ असं छापलं होतं. माझा लाल पेन पर्समध्येच असायचा. मी ‘सी’ची वेलांटी ऱ्हस्व केली. मग ‘निरिक्षण’ दिसलं, ते ‘निरीक्षण’ केलं. एकूण चार चुका निघाल्या. अर्ज भरून आत दिला तेव्हा तो तपासलेल्या पेपरसारखा दिसत होता.

आत एक मुलगी होती. माझ्या थोरल्या मुलीपेक्षा लहान असेल. लांब खुर्ची नव्हती, घड्याळ होतं पण भिंतीवर, माझ्या पाठीमागे. दोन साध्या खुर्च्या, समोरासमोर नाही, जरा तिरप्या. मधल्या स्टुलावर पाण्याचा ग्लास आणि कागदी रुमालांचा डबा. मला वाटलं, नंतर काही खायला देत असतील. एक रुमाल काढून घडी करून पर्समध्ये ठेवला.

तिने अर्ज बघितला. लाल शाई बघितली. हसली नाही, पण न हसण्यासाठी तिला थोडं काम करावं लागलं.

“दुरुस्त केलंत, बरं झालं. मॅडम, जेवून आलात?”

“हो, जेवले ना,” मी म्हणाले. सकाळपासून दोन बिस्किटं खाल्ली होती.

मी फाइल पुढे केली. तिने ती घेतली, आदराने बाजूच्या टेबलावर ठेवली आणि उघडली नाही. हे मला फार लागलं. अनुक्रमणिका तरी बघायची.

मग तिने सांगितलं, की इथे बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही. कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच ती दुसऱ्या कोणाशी बोलेल, आणि तेही आधी मला सांगून. तुमसरात वाढलेल्या बाईला खोलीबाहेर न जाणारी गोष्ट ही कल्पनाच नवी होती. मी पंख्याकडे बघितलं, स्टुलाखाली बघितलं.

“धोका म्हणजे पुढे होणारा का?” मी विचारलं. “आधीच होऊन गेलेला असेल तर?”

“तर त्याबद्दल आपण बोलू शकतो.”

“नाही, मी फक्त नियम समजून घेत होते,” मी म्हणाले.

त्यानंतर पाऊण तास मी बोलले. मुख्याध्यापकांचा स्वभाव, पोषण आहाराची नोंदवही, नवऱ्याची साखर, पोरांचं शुद्धलेखन. सगळं शुद्ध, पुस्तकी मराठीत, एकही ‘मले’-‘तुले’ तोंडातून निघू न देता. ती मधूनच एखादा शब्द लिहायची. भूक या रकान्यात ‘चांगली’ लिहिलंय, असं तिने म्हटलं, तर मी समजावलं, “भूक लागते ना. खाल्लं जात नाही. तुम्ही भूक विचारली आहे, खाणं विचारलेलं नाही.” तिने मान हलवली आणि तेही लिहिलं. भात हा शब्द आला नाही. सासूबाई आल्या त्या फक्त ‘त्या वारल्या’ एवढ्या.

ती मला मॅडम म्हणत होती, मी तिला मॅडम म्हणत होते. दोन मॅडमच्या मध्ये कागदी रुमालांचा डबा तसाच बसून होता. वेळ झाली, तिने पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. जिना उतरताना मी स्वतःशी म्हणाले, हिने तर काहीच केलं नाही. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, मी मुख्याध्यापकांबद्दल जे बोलले ते तीस वर्षांत कोणाशी बोलले नव्हते.

नवऱ्याचा फोन आला. “गोळी देली काय?”

“नाही.”

“सुई?”

“नाही हो.”

“मंग काय देलं?”

“तारीख.”

“कोर्टात गेलती काय तू?” तो म्हणाला, आणि मग सवयीने, “जेवली काय?”

“जेवली ना.”

दुसऱ्या वेळी तिने भाताचं विचारलं. कधीपासून, कुठे बसलेली असताना, ताटात अजून काय होतं, पंगतीत शेजारी कोण होतं. मी तेरवी सांगितली. तिथवरच. ती पुढे ओढत नव्हती. बोट ठेवून थांबायची. मला नवऱ्याची परखी आठवली. पोतं शिवलेलंच असतं आणि मूठभर धान बाहेर आलेलं असतं. मी घट्ट बसून राहिले.

जाताना तिने अभ्यास दिला. मला! म्हणाली, “मॅडम, तुम्ही आल्यापासून मी दोनदा ‘जेवून आलात का’ विचारलं, दोनदा ‘हो’ म्हणालात. आज काय खाल्लंत?”

“चहा.”

“पंधरा दिवस एवढंच करा. कोणीही हा प्रश्न विचारला, तर खरं उत्तर द्यायचं. बाकी काही बदलायचं नाही.”

मला हसू आलं. एवढ्यासाठी भंडारा!

पहिल्याच दिवशी नळावर शेजारीण म्हणाली, “जेवली काय वो?” मी म्हणाले, “नाही.” तिची बादली भरून वाहायला लागली तरी ती बघतच राहिली. “काहून? भांडण झालं काय?” अर्ध्या तासात तिच्या घरून झाकलेलं ताट आलं. शाळेत स्वयंपाकीणबाईंनी विचारलं, त्यांनाही ‘नाही’ म्हटलं. त्यांनी पोरांच्या आधी मला खिचडी वाढली आणि समोर उभ्या राहिल्या. नणंदेचा गोंदियाहून फोन आला. मी ‘नाही जेवले’ म्हटल्यावर पाच मिनिटांत तिने तिच्या भावाला मिलमध्ये फोन करून झापलं. चार दिवसांत माझ्या ओट्यावर चार घरांची ताटं जमली. आमच्या भागात उपाशी माणूस कोणाला बघवत नाही, म्हणूनच आपण सगळे एकमेकांशी खोटं बोलतो, हे मला तेव्हा कळलं. शोध मोठा होता. मी डायरीत लिहिला, खाली रेघ मारली.

तिसऱ्या शनिवारी मी पहिला नंबर आलेल्या पोरीसारखी खुर्चीत बसले. “सगळ्यांना खरं सांगितलं,” मी म्हणाले. “एकूण सत्तावीस वेळा. लिहून आणलं आहे.”

तिने कागद बघितला. नावांसमोर खुणा होत्या. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, “यात घरचं नाव दिसत नाही.”

घरचं नाव नव्हतंच. नवरा रोज संध्याकाळी चपला काढताना विचारायचा, “जेवली काय?” आणि पंधराच्या पंधरा दिवस मी म्हणाले होते, “जेवली ना.”

“त्यांना सांगणं थोडं निराळं आहे,” मी म्हणाले.

“कसं?”

“त्यांना ते वाक्य ऐकायची सवय आहे.”

“कोणाकडून?”

मी पाण्याचा ग्लास उचलला. घोट घशात थांबला. पाणीसुद्धा. आणि मग ती शुद्ध मराठी बोलणारी, दुसऱ्याच्या वेलांट्या सुधारणारी बाई जी काय बोलायला लागली, ते माझ्या आजोळच्या बोलीत होतं.

“मी खाल्लं जी,” मी म्हणाले. “मीच खाल्लं. थे ताट त्यायचं होतं. त्या नाही जेवल्या, मी त्यायले सांगतलं जेवली म्हणून, न् मंग मीच खाल्लं उभ्यानं. आता थे साऱ्या गावाले सांगून राहिले, माय माही जेवून गेली म्हणून. मी काय करू? सांगा ना, मी काय करू?”

सगळं सांगितलं. साड्या सांगितल्या, गोठलेलं तूप सांगितलं, नणंदेचं लोणचं सांगितलं. लोणच्यापाशी मला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं, आणि तो रुमालांचा डबा कशासाठी असतो ते एकदाचं समजलं. अर्धा डबा संपवला.

ती मुलगी मध्ये बोलली नाही. ‘असं होतं हो’ म्हणाली नाही, ‘तुमची चूक नाही’ही म्हणाली नाही. मला तिचा राग आला, कारण मी तेवढ्यासाठीच तर सांगितलं होतं. मग तिने विचारलं, “ताट खाताना काय वाटत होतं?”

“की ताट रिकामं झालं पाहिजे.”

“झालं का?”

मी मान हलवली. कुठे झालं होतं?

पुढच्या खेपेला मी ठरवून गेले, की आता हिच्याकडून निकाल घ्यायचा. नवऱ्याला सांगू की नको? सांगितलं तर त्याच्याकडे जो एक आधार आहे तो जाईल. नाही सांगितलं तर माझा घसा जाईल. दोन्ही बाजू मी कागदावर मांडून नेल्या होत्या.

“हे मी नाही सांगणार,” ती म्हणाली.

“मंग तुम्ही कायले आहात जी?” मी सरळ विचारलं. आता आमचं ‘मॅडम’ सुटलं होतं.

ती पहिल्यांदा मोकळं हसली. “तुम्ही सांगितलंत तर काय काय होऊ शकेल, ते दोघी मिळून बघायला. नाही सांगितलंत तर काय होईल, तेही. पण त्या घरात तुम्ही राहता, मी नाही.”

मग आम्ही तासभर तेच बघितलं. तो ओरडेल. तो बोलणार नाही. तो बहिणीला सांगेल. यातल्या एकेकापाशी थांबून ती विचारायची, मग तुम्ही काय कराल? मला कळलं की मी पोळ्या लाटेन. प्रत्येक वेळी माझं उत्तर तेच येत होतं. ते ऐकून मला जरा धीर आला, का ते सांगता येणार नाही.

त्या गोष्टीला दोन दिवस झाले. सोमवार होता, मी शाळेतून येऊन भाजी चिरत होते. नवरा आला, चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं.

“जेवली काय?”

“नाही,” मी म्हणाले. “आणि त्या दिवशी आई पण नव्हत्या जेवल्या.”

“कोणत्या दिवशी?”

“त्या दिवशी. त्यांनी तोंड फिरवलं. तुम्ही फोन केला तेव्हा ताट झाकून ठेवलं होतं मी.”

त्याच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. “ताट तं रिकामं होतं. मी पाहिलं ना. पालथं होतं.”

“मी खाल्लं. तुम्ही यायच्या आधी.”

तो ओट्याच्या कडेला टेकला. मग धानाच्या नमुन्याबद्दल विचारावं तसं विचारलं, “भात-वरण?”

“हो.”

“तूप होतं?”

“होतं. गोठलं होतं.”

त्याने टॉवेल दोरीवर टाकला, ओल्या पायात चपला घातल्या आणि मिलकडे परत गेला. मी पोळ्या लाटल्या.

त्यानंतर आठ दिवस तो लागेल तेवढं बोलला. गॅस संपला, पाणी आलं, किल्ली कुठे आहे. संध्याकाळी चपला काढायचा आणि सरळ आत जायचा. ‘जेवली काय’ नाही. त्याआधी तीस वर्षं त्या प्रश्नाला मी काडीचीही किंमत दिली नव्हती. आता दार वाजलं की माझे कान तिकडे. बावन्न वर्षांची बाई नवऱ्याने जेवणाचं विचारावं म्हणून दाराकडे कान लावून बसली आहे! शाळेतल्या पोरींनी बघितलं असतं तर सुट्टीत नक्कल केली असती.

नवव्या दिवशी सासूबाईंचं वर्षश्राद्ध. गोंदियाहून नणंद आली, भावकीतले लोक आले. पान वाढून बाहेर ठेवलं, आणि नणंदेने पदर डोळ्याला लावला. “माय माही जेवूनखाऊन गेली. शेवटी शेवटी लोणचं मागतलं तिनं...”

“नाही,” नवरा म्हणाला.

तो पाट मांडत होता. वर न बघता म्हणाला. “नव्हती जेवली थे त्या दिवशी.”

नणंदेचा पदर खाली आला. “तुले कोणी सांगतलं?”

मी भाताचं भांडं हातात धरून उभी होते. दोन्ही हातांना चटका बसत होता आणि खाली ठेवायचं सुचत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

“मले मालूम हाय,” तो म्हणाला. “तिनं तोंड फिरवलं.”

“काहून पण?”

“नको असन तिले.” आणि पुढचा पाट मांडला.

नणंदेने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, “लहानपणी मले बी मारून-मारून भरवे. सोता नको म्हटलं का नको.” कोणीतरी हसलं. पानं वाढायला घेतली.

संध्याकाळी सगळे गेले. घर झाडून झालं, भांडी लावून झाली. नवरा बाहेर खुर्च्या पोहोचवून आला, चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं. आणि दारातूनच,

“जेवली काय?”

“नाही.”

“मंग वाढ. मी बी नाही.”

मी दोन ताटं घेतली. दोन्हींत भात वाढला, वरण घातलं, तूप वाढलं. तो जेवत होता आणि माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता, म्हणजे सारखा बघत होता. पहिला घास उतरला. दुसरा उतरला. मी मोजत होते, भंडाऱ्याला सांगायचं म्हणून. चार उतरले. पाचवा उचलला आणि फाटक बंद.

मी घास हातात धरून बसले.

“राहू दे,” तो म्हणाला. “नको असन तं नको.”

त्याने त्याचं जेवण संपवलं, हात धुतला, आत गेला. मी माझं ताट ओट्यावर ठेवलं. अर्धा भात तसाच होता. झाकण शेजारीच पडलं होतं, ते मी घातलं नाही.